माझे राहिलेले कंस

शोभे, गेल्या आठवड्यात तुझ्या शोकसभेत मी दोन मिनिटं बोलले आणि दोन्ही मिनिटं खोटं बोलले.

सभा तुझ्याच क्लासच्या मोठ्या खोलीत होती. कॉम्प्युटर भिंतीकडे सरकवून सतरंज्या घातल्या होत्या आणि फळ्याखाली तुझा फोटो ठेवला होता. कोणी निवडला कोण जाणे, उन्हाकडे बघून डोळे बारीक केलेला आहे. तुझ्यासारखा दिसतो एवढं खरं. तुझा एक जुना विद्यार्थी हैदराबादहून आला होता, उंच, चष्मा लावलेला. तो म्हणाला, मॅडमनी आम्हाला स्वतःची चूक फळ्यावर लिहून शिकवलं. भूकंपाच्या वेळी त्यांनी एका प्रोग्राममध्ये कंस घातले नाहीत आणि सदतीस घरांच्या ओसऱ्या यादीतून गेल्या. स्वतःच्या चुकीचा धडा करणारी दुसरी शिक्षिका मला आयुष्यात भेटली नाही. एवढं बोलून तो खाली बसला. समोर बसलेल्या बायका डोळे पुसायला लागल्या.

मग तुझ्या नवऱ्याने, भाऊजींनी, माझ्याकडे हात केला. "अनिताताई तेव्हा शोभाच्या सोबतच होत्या," ते म्हणाले. मी उठले. मी म्हणाले, हो, मी होते तिथे, शोभा अशीच होती, चूक कबूल करायला ती कधी कचरली नाही. आणि खाली बसले.

ती ओळ माझी होती. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या सभेत एकट्या मला माहीत होतं. नांदेडहून लातूरला परत येताना एसटीत शेजारची बाई विचारत होती, ताई, तुम्हाला बस लागते का. मी हो म्हणाले. ते तिसरं खोटं.

हे मी छापायला देणार आहे, म्हणून तुला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही जरा उलगडून लिहिते. तू कंटाळशील. मीही तुझी पन्नास मिनिटांची व्याख्यानं फोनवर ऐकली आहेत, तेव्हा ऐक.

आपण दोघी नांदेडला डिप्लोमाला होतो, हॉस्टेलच्या एकाच खोलीत. तू रेणापूरची, मी हदगावची. पहिल्या आठवड्यात खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून आपलं वाजलं आणि मग तीन वर्षं वाजतच राहिलं. मला वाटतं आपण भांडायलाच मैत्रिणी झालो. तुझं म्हणणं असायचं की मी घाईची आहे, माझं म्हणणं असायचं की तू घोळत बसतेस. दोन्ही खरं होतं. डिप्लोमा हातात पडला त्याच वर्षी भूकंप झाला. गणपती बोळवून लोक निजले होते आणि पहाटे गावंच्या गावं बसली. तुझ्या रेणापूरच्या घराला नुसत्या भेगा गेल्या, पण तुझ्या आत्याचं गाव त्या पट्ट्यातलं होतं. त्याबद्दल तू फार कमी बोललीस. मीही विचारलं नाही.

बाहेरगावची एक संस्था तिथल्या एका गावाला घरं बांधून देणार होती. त्यांना कॉम्प्युटर येणारं कोणीतरी हवं होतं, आणि तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर येणारं म्हणजे आपण दोघी आणि आणखी चारपाच पोरं. लातूरला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर खोली होती. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, धूळ नको म्हणून. कॉम्प्युटरवर आपण रोज सकाळी फुलाफुलांचं कव्हर काढायचो आणि संध्याकाळी घालायचो. अधूनमधून जमीन हलायची. एकदा टेबल थरथरलं तेव्हा तू मॉनिटर धरलास आणि मी दार धरलं. ही गोष्ट तू माझ्या सासरच्यांपर्यंत पोचवलीस.

काम साधं होतं. संस्थेची माणसं गावात जाऊन पडलेल्या घरांची जोती टेपने मोजून आणायची. जुनं घर चारशे चौरस फुटांच्या वर असेल तर त्या कुटुंबाला दोन खोल्या आणि ओसरी, त्याच्या आत असेल तर एक खोली. आपण आकडे भरायचे आणि यादी काढायची. पण मोजून आलेल्या कागदांवर लांबी एका आकड्यात नसायची. "बावीस आणि आठ" असं लिहिलेलं असायचं. तिकडे घर म्हणजे माळवदाखालचा भाग आणि वसरी म्हणजे ओसरी, पुढचा भाग, पत्र्याचा नाहीतर गवताचा. कोणीही दोन्ही मिळून तीस म्हणत नाही. विचारलं तर माणूस आधी घर सांगतो, मग थांबून वसरी सांगतो.

मी म्हणाले, बेरीज करून एकच आकडा भरू, काम लवकर होईल. तू म्हणालीस, "न्हाई. लोक दोन सांगून राहिले तर दोन रकाने ठेवू. उद्या कोणी विचारलं माझी वसरी कुठाय, तर दाखवता आली पाहिजे." यावर आपण एक अख्खी दुपार भांडलो. तू जिंकलीस.

दोन रकाने झाले. मग क्षेत्रफळ काढायचं सूत्र मी लिहिलं. आलेले आकडे घेऊन स्वतः गणित करणारं साधं फंक्शन लिहिता आलं असतं, पण मी नुकतंच मॅक्रोबद्दल वाचलं होतं आणि मला मिरवायचं होतं. मॅक्रो म्हणजे काय ते तू तुझ्या पोरांना सांगायचीस तसंच सांगते: मॅक्रो हा निरोप्या आहे. त्याला गणित येत नाही. एका नावाच्या जागी दुसरा मजकूर जसाच्या तसा नेऊन टाकायचा, एवढंच त्याचं काम. गणित नंतर होतं, आणि तोपर्यंत निरोप्या निघून गेलेला असतो. मशीनला इंग्रजी अक्षरं लागायची, इथे मराठीत लिहिते. माझी ओळ अशी होती:

क्षेत्रफळ(रुंदी, लांबी) म्हणजे रुंदी * लांबी

पुढे प्रोग्राममध्ये तू ती वापरलीस. लांबीच्या जागी तू घर + वसरी असं दिलंस. तुझं बरोबरच होतं, दोन रकाने होते म्हणून बेरीज करूनच द्यायला हवी होती. पण निरोप्याने ती बेरीज केली नाही. त्याने जसंच्या तसं नेऊन ठेवलं: रुंदी * घर + वसरी. आणि गुणाकार बेरजेच्या आधी होतो हे सातवीच्या पोरालाही माहीत असतं.

पंधरा फूट रुंद घर, बावीस फूट लांब, पुढे आठ फुटांची ओसरी. खरं क्षेत्रफळ पंधरा गुणिले तीस, म्हणजे साडेचारशे. मशीनने पंधरा गुणिले बावीस केलं, तीनशेतीस, आणि त्यात आठ मिळवले. तीनशे अडतीस. आकडा वेडावाकडा आला असता तर लगेच डोळ्यात भरला असता. तीनशे अडतीस हा कोणत्याही घराचा असू शकणारा आकडा आहे. मी तपासलं नाही असं नाही. मी पहिली दहा घरं हाताने गणित करून तपासली. ती गावाच्या वरच्या अंगाची होती आणि त्यांपैकी एकालाही ओसरी नव्हती. ओसरीच्या जागी शून्य असलं की माझी ओळ बरोबर चालायची. यादी छापली आणि गावात लावली.

गयाबाई त्यानंतर तिसऱ्या दिवशी आली. तुला तिचा चेहरा नक्की आठवत असणार, मला तिचे पाय आठवतात. चपला बाहेर काढायच्या म्हणून तिला सांगावं लागलं नाही, तिच्या पायात नव्हत्याच. गावातल्या कुणाच्या तरी जीपमध्ये बसून एकटी आली होती. तिने पदराची गाठ सोडून सुतळीचं एक वेटोळं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"कोण लिव्हतंय हितं?" ती म्हणाली.

"आम्हीच लिहितो, मावशी," तू म्हणालीस.

"मग माझी वसरी कुठं गेली, माय? घर लिव्हलं तुमी. वसरी न्हाई लिव्हली. हे बगा." तिने सुतळी उलगडली. तिला दोन जागी गाठी मारलेल्या होत्या. "ह्या टोकापसनं ह्या गाठीपत्तर घर. आन् ह्या गाठीपसनं त्या गाठीपत्तर वसरी. मी मोजून आणलंय. जोतं हाय अजून, कुणी बी येऊन बगा."

तू तिला बसायला लावलंस, पाणी दिलंस. ती सांगत होती तशी आपण ऐकत होतो. भूकंपाच्या रात्री घरातले सगळे आत निजले होते. तिला उकडायला लागलं म्हणून ती एकटी बाहेर आली. "वसरीवर निजले म्हणून हाय मी," ती म्हणाली. "आतलं कुणी न्हाई राहिलं. आन् तुमचं मशीन म्हणतंय वसरीच नव्हती."

तू कागद ओढलास आणि पेनने गुणाकार केलास. साडेचारशे. मग स्क्रीनवर तिचं नाव काढलंस. तीनशे अडतीस. तू पुन्हा गुणाकार केलास. तेवढ्यात मला कळलं होतं, शोभे. मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तीनशेतीस अधिक आठ. मी आत कुठे काय विसरले ते मला लख्ख दिसलं.

आणि नेमके तेव्हाच काका आत आले. संस्थेचं काम बघणारे काका, ज्यांना आपण दोघी भ्यायचो. ते ओरडणारे नव्हते, एवढंच की विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे गणित कोणाच्या हातचं?"

त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हदगावहून सहा महिन्यांच्या बोलीवर सोडलं होतं. घरी दोन स्थळं येऊन बसली होती. मुलगी एकटी लातूरला राहून काय करते, याचं उत्तर दादा लोकांना "सरकारी कामासारखंच आहे" असं देत होते. माझ्याबद्दल एक तक्रार घरी गेली असती तर दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवलं असतं आणि माझं शिक्षण भांड्यांच्या कपाटात गेलं असतं. हे सगळं खरं आहे. तरी ते कारण आहे, सबब नाही असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

तू स्क्रीनकडे पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. मी कीबोर्डकडे पाहत होते.

"माझी चूक हाय, काका," तू म्हणालीस. "बेरीज मी तशीच पाठवली. पाठवायची न्हवती."

"मग टेप घे आणि जा," काका म्हणाले. "ज्यांच्या ज्यांच्या ओसऱ्या आहेत त्यांची घरं स्वतः मोज. अनिता मशीनवर बसेल."

एवढंच झालं. मी मशीनवर बसले. तू बाहेर पडलीस तेव्हा मी त्या ओळीत कंस घातले, आतल्या प्रत्येक नावाला आणि बाहेरून सगळ्याला: ((रुंदी) * (लांबी)). यादी पुन्हा काढली. सदतीस घरं चारशेच्या वर सरकली. तू दोन आठवडे त्या उन्हात, पडलेल्या घरांच्या जोत्यांवरून टेप घेऊन फिरलीस. परत आलीस ती काळीठिक्कर होऊन, आणि म्हणालीस, "बरं झालं, आत्याच्या गावालाबी जाऊन आले." गयाबाईला दोन खोल्या आणि ओसरी मिळाली. ती सुतळी तिने नव्या ओसरीत खिळ्याला अडकवली आहे, असं तू सांगितलंस. मी कधी बघायला गेले नाही.

काम संपलं तेव्हा संस्थेने एक प्रशस्तिपत्र दिलं. ते एकच होतं आणि त्यावर माझं नाव होतं. त्याच कागदावर मला लातूरच्या कॉलेजात पहिली नोकरी लागली. स्थळं परत गेली. पुढे मी माझ्या पसंतीने लग्न केलं, माझ्या पैशाने घर बांधलं. घरासमोर ओसरी काढायची का असं गवंड्याने विचारलं तेव्हा मी नको म्हणाले आणि का ते घरात कोणाला सांगितलं नाही.

तू लग्न होऊन नांदेडला गेलीस आणि दोन खोल्यांत क्लास काढलास. इकडे लातूरला तोवर शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. लोखंडी पेट्या आणि गाद्या घेऊन पोरं एसटी स्टँडवर उतरायची, आई-बाप खोली बघून, डबा लावून परत जायचे. कॉम्प्युटर सायन्स घेतलं की टक्के वाढतात अशी हवा झाली आणि मी एका मोठ्या क्लासमध्ये माईक लावून शिकवायला लागले. माझ्या छापील नोट्सची तू फार चेष्टा केलीस. त्यात लिहिलेलं असायचं: मॅक्रो, व्याख्या, एक उदाहरण, दोन मार्क. "तुझ्या कारखान्यात दोन मार्काच्या पुढचा माल निघत न्हाई का गं?" तू विचारायचीस. आणि तू? तू त्याच धड्यावर अख्खा दिवस घालवायचीस. एका मुलाचे वडील तुझ्याकडे तक्रार घेऊन आले, मॅडम, कंसावर एक दिवस? पेपरात दोन मार्काला हाय ते. तू त्यांना म्हणालीस, "भाऊ, घर बांधायला निघालं की ते दोन मार्काचं राहत न्हाई." हे मला तूच सांगितलंस आणि सांगताना हसलीस. मी पण हसले. मग काहीतरी निमित्त काढून फोन ठेवला.

कारण तू पोरांना ती गोष्ट सांगतेस हे मला तेव्हाच कळलं. आणि गोष्टीत मॅक्रो तू लिहिलेला असायचा. काकांसमोर तू नुसती बेरजेची जबाबदारी घेतली होतीस. वर्गात तू ओळसुद्धा घेतलीस.

मग आपला तो रविवारचा वाद. फोन कोणीही केला तरी गाडी तिथेच यायची. चूक मॅक्रो लिहिणाऱ्याची की वापरणाऱ्याची? मी म्हणायचे, वापरणाऱ्याची. ओळ समोर लिहिलेली असते, उघडून बघावं आणि मग वापरावं. तू म्हणायचीस, "कुठं कुठं उघडून बघावं माणसानं? त्यानं नाव वाचलं, क्षेत्रफळ म्हणलं, भरवसा ठेवला. गाठ बांधून द्यायची जिम्मेदारी देणाऱ्याची हाय. आतली बी आन् बाहेरची बी." बाहेरची गाठ कशाला, मी मुद्दाम विचारायचे. तू लगेच सुरू: शंभरला दोन गुणिले पाचने भागायचं आहे, बाहेरचा कंस नसला की आधी शंभर भागिले दोन होतं आणि मग पन्नास गुणिले पाच, दहाच्या जागी अडीचशे. मी मग माझा हुकमी पत्ता टाकायचे. आत एखादी, वापरली की दर वेळी एकने वाढणारी संख्या दिली आणि मॅक्रोत ती दोनदा आली, तर ती दोनदा वाढते, तिथे तुझे कंस काय करणार? त्यापेक्षा मॅक्रो वापरूच नये, सरळ फंक्शन लिहावं. यावर तू म्हणायचीस, "ते खरं हाय. कंसानं सगळं वाचत न्हाई. पण पोरांना दुसऱ्याचं लिहिलेलं वाचावं लागणारच ना गं. त्याला काय करशील?"

वीस-पंचवीस वर्षं आपण हे बोललो आणि एकदाही गयाबाईचं नाव घेतलं नाही. मी दर रविवारी स्वतःची वकिली करत होते, आणि तू ते ऐकून घेत होतीस. तुला सगळं कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. कधी वाटतं, तू मला दर रविवारी एक संधी देत होतीस. तूच आधी बोलायला हवं होतंस असाही राग मला येतो. तो राग बिलकुल चुकीचा आहे, हे माहीत असूनही येतो.

दवाखान्यात मी ठरवून आले होते. सकाळची वेळ होती, भाऊजी औषधं आणायला खाली गेले होते. तू उशीला टेकून बसली होतीस, हाताला सुई, आणि शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीला मोबाइल कसा लावायचा ते शिकवत होतीस. मी तुझा हात धरला. म्हणाले, "शोभे, ते क्षेत्रफळाचं..." तू माझं बोलणं तिथेच तोडलंस. "आता वाद घालू नको बाई," तू म्हणालीस, "मला दम लागून राहिला." आणि डोळे मिटून हसलीस. मला वाटलं, उद्या सांगू. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी तुला मोसंबी सोलून दिली आणि दुपारच्या गाडीने परत आले. त्यानंतर आपली भेट झाली नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. तुझी शेवटची बॅच अर्धी राहिली होती, चौदा मुलं, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची. "त्यांचे सहा धडे उरलेत," भाऊजी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला द्यावंसं वाटत नाही. तुम्ही घ्याल का?" मी विचारलं, कुठपर्यंत झालंय. त्यांनी तुझी वही उघडून वाचलं. पुढचा धडा मॅक्रोचा होता. तू समासात लिहून ठेवलं होतंस: पूर्ण दिवस.

काल मी गेले. सतरंज्या उचललेल्या होत्या, कॉम्प्युटर जागेवर होते, फोटो भाऊजींनी आतल्या खोलीत नेला होता. तुझ्या खुर्चीवर मी बसले नाही. खडू हातात घेतला तेव्हा मुलं माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. त्यांचंही बरोबर आहे, सभेत मी बोलले ते लक्षात ठेवण्यासारखं नव्हतं. मी फळ्यावर ती ओळ लिहिली, कंसांशिवाय. मग खाली घर + वसरी लिहिलं आणि विचारलं, पंधरा, बावीस आणि आठ, उत्तर काय येईल?

पुढच्या बाकावर नायगावची एक मुलगी आहे, प्रतीक्षा. तिने वही आधीच उघडलेली होती. "तीनशे अडतीस," ती म्हणाली. "हे सीनियरनी सांगितलंय आम्हाला, मॅडम. ही शोभा मॅडमची चूक हाय ना? भूकंपातली?" तिच्या वहीत वर तसं लिहिलेलंच होतं, निळ्या पेनने, खाली रेघ मारून: शोभा मॅडमची चूक.

मला तुझी ती नजर आठवली, स्क्रीनवरून माझ्याकडे आलेली. या वेळी खाली बघायला कीबोर्ड नव्हता.

"न्हाई," मी म्हणाले. किती वर्षांनी माझ्या तोंडून तो आपल्या हॉस्टेलातला न्हाई निघाला. "ही ओळ मी लिहिली. शोभानं ती भरवशानं वापरली. विचारलं तेव्हा मी गप्प बसले आणि तिनं स्वतःवर घेतलं. शिक्षा तिनं भोगली, बक्षीस मला मिळालं." मग मी त्यांना गयाबाईचं सगळं सांगितलं, सुतळीसकट.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, मग चूक कोणाची म्हणायची, लिहिणाऱ्याची का वापरणाऱ्याची? बघ, तुझीच पोरं. मी म्हणाले, लिहिणाऱ्याची. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, शोभे, आणि तू ऐकायला नव्हतीस. त्याचं मला फार वाईट वाटलं आणि आत्ताही वाटतंय.

प्रतीक्षा वहीकडे बघत बसली होती. मग तिने पट्टी घेतली, "शोभा मॅडमची चूक" यावर सरळ रेघ मारली आणि पेन तसंच हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमचं नाव काय लिहू?"

मी नाव सांगितलं. आडनावासकट सांगितलं. तिने लिहिलं, आणि तिचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या वह्यांत लिहिलं. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत मी थांबले. मग फळ्याकडे वळून, तू घालायचीस तसे, आधी आतले आणि मग बाहेरचे, कंस घातले.